अठ्ठावन्न कोऱ्या कळा

"मुद्दाम केलं असतंस तर एकदाची कडकडून भांडले असते आणि मोकळी झाले असते."

थोरली हे वाक्य एकदाच बोलली. दवाखान्यातल्या हिरव्या पडद्याआड, उजव्या हाताचं बँडेज सुटलं त्या दिवशी. अनामिका आणि करंगळी दोन्ही वाकत नव्हत्या. डॉक्टरांनी शेंड्याला सुई टोचून बघितली, तर ती टोचली हेही तिला कळलं नाही. धाकटी शेजारी पर्स कवटाळून उभी होती. तिने मुद्दाम केलंच नव्हतं. कचेरीत शिपायाने हाक मारली, ती वळली, आणि वळता वळता लोखंडी कपाटाचा उघडा खण कमरेने ढकलून तिने बंद केला. रोज दहा वेळा करायची तसाच. त्या वेळी खणात थोरलीचा हात होता, एवढंच.

भांडण झालं नाही. त्याऐवजी घरात 'असू दे' आलं. धाकटीने ताट वाढलं की "असू दे, मी घेते". ब्लाउजची बटणं लावायला पुढे झाली की "असू दे". बाटलीचं झाकण, छत्रीचा खटका, नखं कापणं, सगळ्याला असू दे. आवाज चढलेला नसायचा, कपाळाला आठी नसायची. धाकटीला वाटे, हिने एकदा भांडं फेकून मारलं तर बरं. भांडं चुकवता येतं. असू दे कसं चुकवणार?

दोन खोल्यांचं घर थोरलीचं. अकरा वर्षांपूर्वी धाकटी नवऱ्याच्या घरून एक सुटकेस घेऊन आली होती, "चार दिवस राहते" म्हणून. थोरलीने कपाटाची डावी बाजू रिकामी करून दिली, स्वतःच्या कचेरीत शब्द टाकून नोकरीला लावलं, आणि नंतर त्याचा एकदाही उल्लेख केला नाही. हा न केलेला उल्लेख अकरा वर्षं जेवणाच्या टेबलावर तिसऱ्या माणसासारखा बसायचा.

कचेरी होती कामगार आणि मालक यांचे तंटे ऐकणारी. सुनावणीच्या खोलीत साक्षीदार बोलतो, आणि खाली बसलेली बाई ते बोलणं निघेल तसं टाइप करते. खोल्या दोन, म्हणून बायका दोन. थोरली सव्वीस वर्षं हे करत होती. तिचा नियम एकच: पडद्याकडे बघायचं नाही. पडद्याकडे बघणारा मागे पडतो. साक्षीदाराच्या तोंडाकडे बघायचं, हात आपलं काम करतात. धाकटीलाही तिनेच शिकवलं होतं, फार पूर्वी, दोघी फ्रॉक घालत होत्या तेव्हा. वडिलांच्या टाइपरायटरवर धाकटीचे हात ठेवायचे, वरून टॉवेल पांघरायचा, आणि टॉवेल उचलून बघितलं की डोक्यात टपली. धाकटी शिकली. पण थोरलीचा वेग मिनिटाला साठ शब्द, हिचा चव्वेचाळीस. कचेरीत हिची ओळख 'बाईंची बहीण' एवढीच राहिली. स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या खुर्चीत बसूनही.

थोरली तीन महिन्यांनी कामावर परतली तेव्हा आठ बोटांवर तिचा वेग एकतीस होता. त्याच आठवड्यात नोटीस लागली. एक सुनावणीखोली बंद होणार. दोघींपैकी एकच वर राहील, दुसरी तळघरातल्या दप्तरखान्यात फायली लावायला जाईल. चार महिन्यांनी परीक्षा: दहा मिनिटं ध्वनिमुद्रित साक्ष, दोघींना एकाच वेळी.

अधीक्षकांना सगळे मागून 'घड्याळ' म्हणत, कारण ते बोलताना सतत मनगट बघत. ते थोरलीला म्हणाले, "बाई, तुम्ही परीक्षेचा त्रास कशाला घेता? खाली शांतता आहे. बसून काम."

"खाली माणसं बोलत नाहीत," थोरली म्हणाली.

"तेच म्हणतोय मी, शांतता."

त्या दिवशी घरी येऊन थोरलीने जुन्या साक्षींची एक चळत टेबलावर ठेवली, आलेखाची वही उघडली आणि मोजायला लागली. कोणतं अक्षर किती वेळा येतं. एक अक्षर, एक रेघ. जेवताना रेघा, चहा पिताना रेघा. धाकटीने तीन दिवस बघितलं, चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"काय चाललंय?"

"काना पहिला आला. सगळ्यात जास्त काना लागतो."

"मग?"

"तो करंगळीजवळ कशाला ठेवायचा? अंगठा रिकामाच बसलेला असतो."

एवढ्यावरून धाकटीला कळलं की ही स्वतःचा कीबोर्ड बनवणार आहे. विकत मिळणारा नाही, कुणाकडून बनवून घेतलेला नाही. अगदी पहिल्या रेघेपासून.

थोरलीने दोन्ही तळव्यांना शाई लावून ते आलेखाच्या कागदावर उमटवले. डावा पंजा पूर्ण आला, उजव्याची दोन बोटं काठ्यांसारखी उभी राहिली. त्या दोन काठ्यांखाली तिने एकही कळ ठेवली नाही. त्यांची अक्षरं तिने अंगठ्यांना, तर्जनींना आणि डाव्या हाताला वाटून दिली, घर सोडून जाणाऱ्याचं सामान वाटावं तशी. बोटांच्या लांबीप्रमाणे कळांचे उभे रकाने वरखाली सरकवले. बारा रकाने, पाच ओळी, दोन जागा रिकाम्या. अठ्ठावन्न कळा. कान्याची कळ डाव्या अंगठ्याखाली. शेवटचा नकाशा तिने कपाटाच्या उजव्या दाराला आतून चिकटवला, साड्यांच्या मागे.

कळा ज्यात बसतात तो पोलादी पत्रा कापायला ती पाटीवाल्याकडे गेली. बसमधून परत येताना वजन उचलायला धाकटी हवी होती, म्हणून तिला बरोबर नेलं. दुकानांच्या नावांच्या पाट्या कापणारा तो, दुकानात जळक्या रंगाचा वास आणि भिंतीला टेकून उभी असलेली सुटी अक्षरं.

त्याने कागद उलटसुलट करून बघितला. "बाई, मी अक्षरं कापतो. तुम्ही नुसती भोकं मागताय."

"अक्षरं मी बसवीन."

"आणि हे तिरकं-तारकं का? सरळ रांगेत बसवू का? छान दिसेल."

"माझी बोटं सरळ रांगेत नाहीत."

त्याने तिच्या हाताकडे बघितलं, मग धाकटीकडे. धाकटी उगाचच एक अक्षर न्याहाळू लागली.

पहिला पत्रा वाया गेला. थोरलीने चौदा मिलिमीटरचं भोक काढलं होतं. पण लेझरची रेघ स्वतःही पत्र्याचा केसभर भाग खाते, हे तिने धरलं नव्हतं. कळांखालचे, नमुन्याला आणलेले स्विच भोकात बसायच्या ऐवजी सैल दातासारखे हलू लागले. धाकटीने पत्रा हातात घेऊन हलवला. सगळं खुळखुळलं.

"खुळखुळा झालाय," ती म्हणाली. "पाळण्याला बांध."

थोरलीने तो तिच्या हातातून काढून घेतला, कागदावर प्रत्येक भोक दोन दशांशाने लहान केलं, आणि दुसऱ्या दिवशी एकटी गेली. येताना पत्रा डाव्या काखेत दाबून आणला. काखेत लाल वळ उठला होता. धाकटीने मलम पुढे केलं. असू दे.

मग खरे स्विच आले, एका खोक्यात, निळ्या दांड्यांचे. दाबले की टक् असा खणखणीत आवाज.

"बिनआवाजाचे मिळतात," धाकटी म्हणाली. "मी चौकशी केली आहे. माझी झोप, माझं डोकं, याचा काही विचार?"

"हेच लागतात."

"का लागतात?"

"लागतात."

धाकटीच्या मनात आलं, हा सूड आहे. अठ्ठावन्न तोंडांचा सूड, सकाळी सहाला चहाच्या आधी सुरू होणारा.

सोल्डरिंगने घर महिनाभर राळेच्या धुराने भरलं. सोल्डर गन थोरली डाव्या हातात धरायला शिकली. प्रत्येक स्विचच्या पायाला एक डायोड, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. तिच्यातून वीज एकाच दिशेने जाते, म्हणून तिच्यावरची काळी पट्टी सगळीकडे एकाच बाजूला यायला हवी. थोरली एकेक नळी खिडकीच्या उजेडात धरून पट्टी बघायची, मगच सोल्डरचा डाख द्यायची. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून उकललेली तांब्याची तार आडवी पाच वेळा, उभी बारा वेळा. धाकटी दर दहा मिनिटांनी येऊन खिडकी उघडायची, दणकन. थोरली ती बंद करायची, कारण वाऱ्याने सोल्डर लवकर थंड होतं. दिवसभरात ती खिडकी घरातल्या दोन माणसांपेक्षा जास्त बोलायची.

तारा जोडून झाल्यावर पहिल्यांदा यंत्र संगणकाला लावलं तेव्हा थोरलीने 'साक्षीदार' टाइप केलं आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं, कुठल्याही भाषेत नसलेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. धाकटी मागे उभी होती. तिने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा टेबलावरच्या पत्र्याकडे, आणि तिला हसू फुटलं. पोट धरून हसली. कित्येक महिन्यांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

"अगं, तू पत्रा पालथा घालून तारा जोडल्यास! मागून बघितलं की डावं ते उजवं होतं ना! सगळा आरसा झालाय!"

खरं होतं. पाठीमागून काम करणाऱ्याकडूनच होणारी चूक. नकाशा समोर ठेवून जोडत गेली, आणि पत्रा पालथा आहे हे विसरली. महिन्याचं काम. धाकटीला वाटलं, आता ही रडेल, किंवा निदान आपल्याबरोबर हसेल. थोरलीने खुर्ची पुढे ओढली, यंत्राच्या आतल्या प्रोग्राममधला नकाशा डावा-उजवा उलटा लिहिला, आणि अर्ध्या तासात 'साक्षीदार' सरळ उमटला. तारांना हातही लावला नाही.

"झालं हसून?" ती म्हणाली.

कळांवर बसवायच्या टोप्या तिने कोऱ्या आणल्या. करड्या, एकही अक्षर नसलेल्या. "तुला अक्षरं कशाला हवीत, तुझ्या डोक्यात आहेत," असं धाकटी म्हणाली खरी, पण तिला त्या कोऱ्या तोंडांचा राग आला. ते यंत्र जणू तिच्याकडे पाठ करून बसलं होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी पाच ते सहा थोरली बोटांच्या व्यायामासाठी दवाखान्यात जायची. पहिल्या मंगळवारी धाकटी नुसती यंत्रासमोर बसली. शुक्रवारी तिने कपाटाचं उजवं दार उघडलं, साड्या बाजूला केल्या आणि नकाशा बघितला. पुढच्या मंगळवारी नकाशा न बघता तिला पहिली ओळ येत होती. कशासाठी, ते तिने स्वतःला विचारलं नाही. हातावर टॉवेल पांघरून शिकलेल्या बाईला कोऱ्या कळांचं काय भय? महिन्याभरात ती त्यावर वाक्यं लिहायला लागली. आणि तेव्हा तिला तो टक् आवाज कळला. बोटाच्या शेंड्याला कळलं नाही तरी कानाला कळतं, कळ लागली म्हणून. थोरलीने आवाज तिला छळायला निवडला नव्हता, दोन मेलेल्या बोटांशेजारची बोटंही अजून अर्धी बधिर होती म्हणून निवडला होता. हे विचारल्यावर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? उलट राग वाढलाच. सूड असता तर त्यात निदान आपला काही वाटा तरी असता.

परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी तिला दोष सापडला.

ती थोरलीपेक्षा जोरात टाइप करते. मनगटं टेकवून, दाबून. वेगात एक उतारा लिहिला आणि वर बघितलं तर काही शब्दांतला काना गायब. पुन्हा लिहिला, सगळे काने जागेवर. तिसऱ्यांदा पुन्हा गायब. तिने शोधून काढलं. डाव्या तळव्याचं वजन पत्र्याच्या कोपऱ्यावर पडलं की पत्रा किंचित वाकतो, आणि तेवढ्यापुरती अंगठ्याची कळ मुकी होते. टक् होतं, पण अक्षर पोचत नाही. तिने यंत्र पालथं करून आतल्या फटीतून टॉर्च मारला. सत्तावन्न डाख चकचकीत होते. एक दुधाळ, मळकट. कच्चा डाख. सोल्डर थंड होताना तार हलली असणार. कदाचित कुणी दणकन खिडकी उघडली असेल त्या क्षणी.

थोरलीला तो कधी दिसला नव्हता, कारण घरातलं टेबल ठेंगणं होतं, तिचे तळवे अधांतरी राहायचे. कचेरीतलं टेबल उंच होतं. तिथे तळवे टेकणारच.

सहाला थोरली आली. धाकटीने यंत्र जसं होतं तसं ठेवलं होतं, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. "चहा टाकू?" तिने विचारलं.

"असू दे. मी टाकते."

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. शनिवारी थोरली दिवसभर सराव करत होती, वेग अठ्ठावन्नवर गेला होता. मध्येच थोरली म्हणाली, "खाली तळघरात स्वेटर लागतो म्हणे. तुझा तो जुना काढून ठेव, वर राहिलीस तर मला दे, खाली गेलीस तर तुला होईल." ही थट्टा होती की नाही, ते धाकटीला कळलं नाही. त्या घरात थट्टा ओळखायची सवय मोडली होती. रविवारही गेला. तिची ती बघून घेईल, धाकटीने मनाशी म्हटलं. इतकी हुशार आहे ना!

सोमवारी परीक्षेच्या खोलीत थोरलीने पिशवीतून यंत्र काढून टेबलावर ठेवलं. अधीक्षक आधी मनगटाकडे आणि मग यंत्राकडे बघत म्हणाले, "हे काय? इस्त्रीची फळी?"

"कीबोर्ड. दवाखान्याचं पत्र जोडलं आहे."

"यावर अक्षरं कुठायत?"

"आहेत."

शिपाई तोंडावर हात ठेवून हसला. अधीक्षकांनी पत्र दोनदा वाचलं. "ठीक आहे. पण बाहेरचं यंत्र आहे. बंद पडलं, बिघडलं, काही झालं, तर दुसरी संधी नाही. तसं लिहून द्या."

थोरली लिहायला वाकली. उजव्या हातात पेन नीट बसत नव्हतं, ते तिने तर्जनी आणि अंगठ्यात कोंबून धरलं. धाकटी शेजारच्या टेबलावर बसली होती. हीच वेळ होती. दोन मिनिटांचं काम, कोपऱ्याखाली कागदाची घडी सरकवली तरी भागलं असतं. ती उठली, थोरलीच्या टेबलाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, ऐक ना."

थोरलीने सही पूर्ण केली. मग वर न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू फक्त एक कर. माझ्या हाताजवळ काही बंद करू नकोस."

शिपाई मोठ्याने हसला. अधीक्षकही हसले, मनगट न बघता. धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती परत आपल्या जागेवर जाऊन बसली.

ध्वनिमुद्रण सुरू झालं. एका गोदामकामगाराची साक्ष, दार बंद असल्यामुळे कामावर हजेरी न लागल्याची. भिंतीवरच्या स्पीकरमधून त्याचा घोगरा आवाज येत होता. थोरलीने पडद्याकडे पाठच फिरवल्यासारखी मान वळवली आणि स्पीकरकडे बघायला लागली, जणू तो माणूस तिथे बसला आहे. हात धावू लागले. टक् टक् टक्. प्रत्येक अक्षराला आवाज होता, एकही चुकत नव्हता. खोलीत दोन कीबोर्ड चालू होते, पण ऐकू येत होता एकच. धाकटी सवयीने लिहीत राहिली आणि तिची नजर शेजारच्या पडद्यावर जात राहिली. तिथे कान्याविना शब्द उतरत होते. थोरलीच्या चेहऱ्यावर समाधान होतं, कामात बुडालेल्या माणसाचं, आणि ते धाकटीने कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. तिचा डावा तळवा टेबलाच्या कडेला, पत्र्याच्या कोपऱ्यावर निवांत टेकला होता.

दहा मिनिटांनी थोरलीने मान वळवून पडद्याकडे बघितलं. बराच वेळ.

अधीक्षकांनी छापलेला कागद हातात धरला. "वेग एकसष्ट. वा. आता वाचतो हं. 'मी कमवर आलो तेव्ह दर बंद होतं.' बाई, हे काय? साक्षीदाराचे दात पाडलेत का?" मग त्यांनी लाल पेनने गोल काढायला सुरुवात केली आणि अर्ध्या पानावर कंटाळून सोडून दिलं. "दोनशेच्या वर चुका आहेत. तुमच्या बहिणीच्या सहा." मनगट बघत ते उठले. "पहिल्या तारखेपासून खाली. स्वेटर घेऊन या."

बसमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. घरी येताच थोरलीने टेबलावर टॉवेल पसरला, त्यावर यंत्र पालथं घातलं, आठ स्क्रू काढले आणि ते बशीत ठेवले. सोल्डर गनची पिन लावली. खिडकीतून उन्हाची तिरीप तारांवर पडली होती. ती कान्याच्या कळेचा डाख बघत होती, पण त्या उन्हात सगळेच डाख सारखे चकाकत होते, तिला काही दिसेना. तिने चिमट्याने तार हलवून बघितली. तार घट्ट होती. यंत्र संगणकाला लावून खालून कळ दाबली, काना आला. पुन्हा दाबली, पुन्हा आला. दहा वेळा दाबली, दहा काने. ती कपाळाला हात लावून बसली.

धाकटी दारात उभी होती. तिला आता मदत करायची होती, खरंच करायची होती. जिंकल्यामुळे तिचं मन मोठं झालं होतं, किंवा तिला तसं वाटत होतं. ती म्हणाली, "तशी नाही सापडणार. डावा कोपरा दाबून धर, मग दाब."

थोरलीने डावा कोपरा दाबून धरला. कळ दाबली. टक्. पडद्यावर काही आलं नाही. पुन्हा दाबली. टक्. काही नाही.

मग तिचा हात तिथेच राहिला.

धाकटीला तेव्हा कळलं, आपण काय बोललो ते. ही गोष्ट माहीत व्हायला त्या यंत्रावर बसावं लागतं. बसायला नकाशा पाठ असावा लागतो. आणि आजच्या आधी बसावं लागतं.

थोरलीने मान वर केली. तिने धाकटीकडे बघितलं नाही, तिच्या खांद्यावरून कपाटाच्या उजव्या दाराकडे बघितलं. मग पुन्हा खाली वाकली. कोपरा तळहाताने दाबून धरून तिने त्या मळकट थेंबाला सोल्डर गनचं टोक लावलं. थेंब वितळला, क्षणभर पाण्यासारखा झाला, मग चकाकत बसला. तिने तार हलू दिली नाही. पाच-सहा सेकंदांचं काम. कोपरा दाबून कळ दाबली. काना आला.

"शुक्रवारी कळलं मला," धाकटी म्हणाली. "सांगणार होते. आलेच होते ना सांगायला, टेबलापर्यंत! तूच बोललीस तसं, सगळ्यांसमोर."

थोरली बशीतला एकेक स्क्रू उचलून लावत होती. आठ स्क्रू. तर्जनी आणि अंगठा. दोन बोटं बाहेर राहिलेली.

"आणि त्याआधी पण तूच! एवढ्या महिन्यांत एकदा तरी शिवी दिली असतीस मला. एकदा तरी. म्हणायचं काय तर असू दे, असू दे. माणूस आहे मी, का दाराचा खिळा?"

थोरलीने सोल्डर गनची पिन काढली, वायर गुंडाळली, गन स्टँडवर ठेवली. यंत्र सुलटं केलं. टॉवेलच्या टोकाने कोऱ्या कळांवरचा धुरळा पुसला, ओळीने, पाचही ओळी.

"मुद्दाम केलं मी," धाकटी म्हणाली. आवाज फाटला होता. "ऐकलंस का? या वेळी मुद्दाम केलं. आता भांड. तूच म्हणाली होतीस ना, भांडेन आणि मोकळी होईन? मग भांड की!"

थोरलीने यंत्र टॉवेलसकट उचललं आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, धाकटीच्या खुर्चीसमोर ठेवलं. नीट, खुर्चीच्या मध्याला मध्य येईल असं. वायर बाजूला वळवून ठेवली. मग खुंटीवरची पर्स घेतली. चप्पल घालताना भिंतीला हात टेकला. कडी वरची होती, जड चालणारी, उजव्या हाताने तिला ती कधी निघत नसे. धाकटी नेहमीसारखी पुढे झाली आणि मध्येच थांबली.

थोरलीने डाव्या हाताने कडी काढली, दार उघडलं, आणि जिना उतरून गेली.